नर पिल्लाला हात लावायचा नाही

डीमन गावातला फ्लॅट सोडून आम्ही आल्मेरेला आलो ते मोठ्या घराच्या हौसेपायी. हौस माझीच. डीमनला भिंतीपलीकडे एक मराठी कुटुंब होतं, खालच्या मजल्यावर एक तेलुगू बाई होती, ट्रामच्या स्टॉपवर कोणी ना कोणी भेटायचंच. पण मला जिना, अंगण आणि पाहुण्यांची खोली हवी होती. ती मिळाली, आणि तिसऱ्याच आठवड्यात करोनामुळे सगळा देश बंद झाला. पाहुण्यांच्या खोलीत नवऱ्याने ऑफिस थाटलं. मुलगी तेव्हा बारा वर्षांची; तिची शाळा तिच्या खोलीत भरायला लागली. मी खाली स्वयंपाकघरात.

जेवायला हाक मारली की वरून नवरा म्हणायचा, "अगं, कॉलवर आहे, पाच मिनिटं." मुलगी म्हणायची, "कमिंग, मॉम!" पोळ्या गार होऊन जायच्या. मी पुण्यात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे. साठ-सत्तर मुलांसमोर घसा बसेपर्यंत बोलायची मला सवय. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, डचचा क्लास लावला, आणि आता तोही बंद पडला. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये. दिवसभरात मी मोठ्याने आणि मराठीत बोललेली वाक्यं एका हाताच्या बोटांवर मावली असती. मला सारखा राग यायचा. कुणावर ते कळायचं नाही, म्हणून तो नवऱ्यावर निघायचा.

शेवटी त्यानेच सुचवलं, की दुपारी सायकल घेऊन जरा बाहेर पडत जा. "माझी ब्याद टळावी म्हणून?" असं विचारून मी बाहेर पडले. आमच्या भागात जमीन इतकी सपाट आणि रस्ते इतके सरळ, की हरवायचं म्हटलं तरी सोय नाही. अशाच एका दुपारी कालव्याच्या कडेला, कुंपणाच्या आत, वीस-पंचवीस लांब माना दिसल्या. लामा. मी थांबले तसे चरायचे थांबून ते सगळेच्या सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या जणांनी एकदम माझ्याकडे बघितल्याला दोन महिने उलटून गेले होते.

मी पिशवीतून ब्रेड काढला, तोच आतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई ओरडत आली. "ब्रेड नाही! पोट बिघडतं त्यांचं!" मग दीड मीटर अंतर राखून तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुला फावडं धरता येतं का?"

मी म्हटलं, येतं. जन्मात कधी धरलं नव्हतं.

तो त्यांचा घरचा फार्म होता. तिच्या नवऱ्याने चार लामा आणून सुरू केलेला. नवरा गेल्यावर ती आणि तिचा चाळिशीतला मुलगा, दोघंच तो चालवत होते. लामांची पैदास करायची, पिल्लं वाढवून विकायची, आणि शनिवार-रविवारी शहरातल्या माणसांच्या हातात लामाची दोरी देऊन त्यांना फिरवून आणायचं. ते फिरणं आता बंद होतं. मदतीला येणारी मंडळी सगळी सत्तरीच्या पुढची. ती घराबाहेर पडत नव्हती. म्हणून मी. बाईचं वय अडुसष्ट. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की मला अहोजाहो करू नकोस. तेवढं मात्र मला जमलं नाही.

काम म्हणजे मुख्यतः लेंड्या उचलणं. लामा हा भलताच शिस्तीचा प्राणी. सगळा कळप कुरणातली एकच जागा ठरवतो आणि तिथेच जातो. एकाचं चाललेलं असलं तर मागचा आपली पाळी येईपर्यंत उभा राहतो. आमच्या पुण्याच्या सोसायटीत पार्किंगला एवढी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. थुंकतात हे खरं, पण बहुतेक एकमेकांवर, खाण्यावरून किंवा कोणी फार जवळ आलं म्हणून. माझ्या वाट्याला सगळ्या मिळून नऊ महिन्यांत तीनदाच आलं, आणि त्यातलं एकदा चूक माझी होती. काम झालं की बाई आणि मी दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसून कॉफी प्यायचो, मी माझ्या थर्मासमधली आणि ती तिच्या. तिचं डच सावकाश असायचं आणि माझं मोडकंतोडकं. बरं चाललं होतं.

आई नाशिकला एकटी होती. रोज व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न तिचा, "तुझे उंट कसे आहेत?" मी शंभरदा सांगितलं, की आई, उंट नव्हेत ते. ती म्हणायची, "चुलत भाऊ असतील. मान तर तीच आहे."

सप्टेंबरात एका सकाळी एक पिल्लू जन्मलं. लामा सहसा सकाळीच वितात. संध्याकाळची थंडी पडेपर्यंत पिल्लू सुकून पायावर उभं राहतं. कळपातल्या बाकीच्या माद्या भोवती जमल्या आणि नाकातून बारीक हुंकार देत एकेकीने त्याचा वास घेतला. मलाही जवळ उभं राहू दिलं होतं. पिल्लू चॉकलेटी, कपाळावर पांढरं, आणि नर. बाईचा मुलगा एरवी दगडासारखा गप्प असायचा, तो त्या दिवशी हसला. त्यांचा पैदाशीचा जुना नर मागच्या हिवाळ्यात मेला होता आणि हे त्याचं शेवटचं पिल्लू. याला विकायचं नाही, यालाच पुढे पैदाशीला ठेवायचं, असं मायलेकांनी तिथल्या तिथे ठरवलं.

तिसऱ्या दिवशी पिल्लाची आई मेली. त्याला बाटलीने बकरीचं दूध पाजायची वेळ आली. त्या संध्याकाळी बाईने मला कुंपणाशी उभं करून नियम सांगितला, आणि तो इतका सावकाश सांगितला की मला डच कळलं नाही असं म्हणायची सोय उरली नाही.

"मादी असती तर तू तिचे मुके घेतले असतेस तरी चाललं असतं. हा नर आहे. नर पिल्लाला हात लावायचा नाही. बाटली फळीतल्या या भोकात अडकवायची, त्याच्याकडे पाठ करायची आणि हात खिशात. बोलायचं नाही. बाटली संपली की निघून यायचं. दूध फळीतून येतं असं त्याला वाटलं पाहिजे."

मी विचारलं, "का?"

"कारण नाहीतर तो तुला लामा समजेल. लहान आहे तोवर गंमत वाटते. वयात आला की नर नराशी जसा भांडतो, तसा तो माणसांशी भांडेल. छातीने धडक देईल, चावेल. दीडशे किलोचं जनावर असतं ते. असा बिघडलेला नर कोणी ठेवत नाही. त्याला मारावंच लागतं."

दुपारची बाटली माझ्याकडे आली. त्या वेळी बाई वामकुक्षी करायची आणि मुलगा पलीकडच्या शेतात असायचा. मी चार दिवस नियम पाळला. पाठ करून उभी राहायचे. मागे चुटुचुटु आवाज यायचा, मग बाटली रिकामी झाल्याचा फुसका आवाज, मग काहीच नाही. मी जायला निघाले की ते कुंपणाला धरून माझ्याबरोबर शेवटपर्यंत चालत यायचं आणि कोपऱ्यात उभं राहून हुंकार द्यायचं. आपल्याकडे बिनआईच्या लेकराला पाजताना कोणी पाठ करतं का? वासराला पाजतानासुद्धा पाठीवरून हात फिरवतात. बाईचा नियम मला पटला होता, आणि तो मला अमानुषही वाटत होता. पाचव्या दिवशी मी वळले, फळीवरून हात आत घातला आणि त्याच्या मानेवर ठेवला. ते दूध प्यायचं थांबलं आणि त्याने डोकं माझ्या कोपरावर टेकवलं.

झालं. तिथून पुढे रोज. "ये रे राजा," अशी हाक मारली की ते कुरणाच्या दुसऱ्या टोकाहून धावत यायचं. घरात तीन हाका मारून कोणी जिना उतरत नव्हतं, आणि इथे एका हाकेला चार पाय हवेत. मी त्याच्याशी मराठीत बोलायला लागले. नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या. मुलीने शाळेच्या गटात स्वतःचं नाव डच पद्धतीने म्हणायला सुरुवात केली होती, ते सांगितलं. एकदा तर सेंद्रिय रसायनाचा आख्खा धडा शिकवला. आमचं दोघांचं अळीमिळी गुपचिळी होतं. बाईची चाहूल लागली की मी पाठ करून, हात खिशात घालून, साळसूदपणे उभी.

डिसेंबरात वारा सुटला आणि त्याच्या कानांच्या आतली कातडी कोरडी पडून सोलायला लागली. मी घरून खोबरेल तेल नेलं. इथल्या थंडीत ते दगड होतं, म्हणून छोटी बाटली स्वेटरच्या आत, पोटाशी धरून न्यायचे. फार्मवर पोचेपर्यंत ते जेमतेम वितळायचं. आधी कानांना लावलं. मग टाळूवर घातलं. मग हाताला उरलेलं मानेला चोळलं. माझ्या लेकीला मी तिच्या बाळपणी असंच तेल लावायचे, आणि ती आता दार लावून घेते. त्याने डोळे मिटून घेतले होते. त्या घटकेइतकं सुख मला त्या दोन वर्षांत दुसरं कशाने झालं नाही, हे लिहायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

जानेवारीत ते फाटकात आडवं उभं राहायला लागलं. बाईचा मुलगा आत शिरला की त्याच्या अंगाला अंग घासून त्याला मागे रेटायचं. मला मात्र काही करत नव्हतं. मी मनात म्हटलं, खोडकर वय आहे. लाडाने बिघडलेल्या पोरांचे आईबाप माझ्याकडे येऊन अगदी हेच म्हणायचे आणि मी त्यांना काय काय सुनवायचे!

फेब्रुवारीत बर्फ पडला, कालवे गोठले. एका सकाळी बाई पाण्याच्या हौदातला बर्फ फोडायला आत गेली आणि पिल्लाने मागून छातीने धडक दिली. ती बर्फावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. मुलगा धावत आला नसता तर आणखी काय झालं असतं, ते तिने मला सांगितलं नाही.

त्या दुपारी मी गेले तेव्हा मुलगा गोठ्याच्या दारात बसला होता. त्याला काही उमजत नव्हतं. "आम्ही सगळं नियमाने केलं," तो म्हणत होता. "बाटली फळीतूनच दिली. माझंच काहीतरी चुकलं असेल. पहिल्या दिवशी मी त्याला उचलून तोललं, तेव्हा फार वेळ धरलं असेन." तो माणूस स्वतःच्या दोन मिनिटांना दोष देत होता आणि मी समोर उभी राहून ऐकत होते. मी म्हटलं, "असं काही नसेल." इतकंच म्हटलं. सांगितलं असतं तर त्यांनी मला येऊ दिलं नसतं, आणि मग मी कुठे गेले असते? मी आठ दिवस गप्प राहिले. तेल लावणं बंद केलं होतं, एवढीच माझी हिंमत.

नवव्या दिवशी मुलाने पिल्लाला दोरीने बांधून धरलं आणि बाई चांगल्या हाताने त्याचं अंग तपासायला लागली, कुठे काही दुखतंखुपतं म्हणून असं करतंय का ते बघायला. मानेशी तिचा हात थांबला. मेंढीच्या लोकरीला अंगचा चिकटपणा असतो. लामाची लोकर कोरडी असते, तिच्यात तेलाचा थेंब नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिने बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या वेणीला तोच वास होता.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"दोन-तीनदाच," मी म्हटलं.

तिने ती तेलकट बोटं माझ्यासमोर धरली. "पाचव्या दिवसापासून," मी म्हटलं. "रोज."

मुलगा दोरी तशीच धरून उभा होता. तो डचमध्ये पटकन काहीतरी बोलला. ते मला समजलं नाही, आणि समजून घ्यायचंही नव्हतं. बाई म्हणाली, "मी तुला कारण सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर गोष्ट वेगळी."

"हो, तुम्ही सांगितलं होतं."

"मग?"

मी म्हटलं, "माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं." चाळिशी ओलांडलेली बाई मी, आणि हे असं बोलले. डचमध्ये ते वाक्य फारच छोटं होतं.

तिने त्यावर मान हलवली, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही. त्या रागावर तिचा हक्क होता. मग जे ठरलं ते तिने मला गुरांच्या डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. पैदाशीचा विचार संपला. त्याला खच्ची करायचं आणि कालव्यापलीकडच्या कुरणात चार म्हातारे खच्ची नर होते, त्यांच्यात सोडायचं. ते त्याला लाथा मारतील, थुंकतील आणि लामाने कसं वागायचं ते शिकवतील. शिकला तर जगेल. उन्हाळा संपेपर्यंत माणसांवर धावून येणं थांबलं नाही, तर डॉक्टरच येऊन त्याचा शेवट करतील. "आणि तू यायचं नाही," ती म्हणाली. "कुंपणापाशीही नाही. त्याला तुझा आवाज यायला नको."

मी पुन्हा घरात बसले. दुपारी तीन वाजले की अंग आपोआप उठायचं आणि मग कुठे जायचं ते आठवून परत बसायचं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, एका प्राण्यासाठी इतकं काय?" आणि मग माझं तोंड बघून त्याने कॅमेरा बंद करून मीटिंग सोडली आणि खाली येऊन चहा केला. चहा पाणचट होता. मी तो प्यायले. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकहून रोज कोणी ना कोणी गेल्याची बातमी यायची, विमानं बंद, आई दाराला आतून कडी लावून बसलेली. तिने विचारलं, "उंट बरे आहेत ना?" मी म्हटलं, मजेत आहेत. आईशी मी एवढं सराईत खोटं आधी कधी बोलले नव्हते.

ऑगस्टच्या शेवटी बाईचा मेसेज आला. उद्या दहा वाजता ये. कुंपणाबाहेर थांब.

मी पोचले तेव्हा ती कालव्यापलीकडच्या कुरणाशी उभी होती, मोडलेलं मनगट अजून बारीक दिसणारं, हातात मोबाइल. पाचही लामा लांब, दुसऱ्या टोकाला चरत होते. तो आता बाकीच्यांच्या उंचीला आला होता. कपाळाच्या पांढऱ्यावरून ओळखला, नाहीतर ओळखला नसता.

"आम्हाला तो आता काही करत नाही," ती म्हणाली. "मुलगा आत जातो-येतो, डॉक्टर जाऊन आले. पण आमच्याशी त्याचं तसं काही नव्हतंच. जे होतं ते तुझ्याशी. तू हाक मार. तुझ्या भाषेत, नेहमी मारायचीस तशी."

"आणि आला तर?"

"धावत आला तर मग काही उपयोग झाला नाही. मी डॉक्टरांना फोन करीन. एखाद दिवशी रस्त्यावर कुठली तरी बाई तुझ्यासारखं बोलत जाईल, आणि फाटक उघडं असेल."

हळू आवाजात हाक मारून टाकावी, असं माझ्या मनात आलं. पण बाई शेजारीच होती, वारा त्यांच्याच दिशेने वाहत होता, आणि आता पुन्हा तिला फसवायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. त्याने यावं असं मला वाटत होतं. आला तर मरेल हे माहीत असताना, एकदा तरी त्याने चारी पाय उधळत माझ्याकडे यावं असं वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या स्वतःची मला भीती वाटली.

मी हाक मारली. "ये रे राजा!"

पाच माना वर झाल्या. त्याचे कान ताठ झाले. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग दोन पावलं पुढे आला. तिसरं पाऊल टाकलं. बाईचा अंगठा मोबाइलवर होता. शेजारच्या म्हाताऱ्या तपकिरी नराने कान मागे पाडून हनुवटी वर केली, म्हणजे थुंकायची तयारी. तो थांबला. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग वळून त्या म्हाताऱ्याच्या बाजूला गेला आणि चरायला लागला.

"पुन्हा एकदा," बाई म्हणाली. "मोठ्याने. खात्री व्हायला हवी."

मी वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज लावला आणि पुन्हा हाक मारली. या वेळी फक्त कान हलले.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी माझा आवाज फाटला, तरी मी मारली. त्याने डोकं वर केलं नाही.

"वाचला," बाई म्हणाली. मी हो म्हटलं, आणि माझं तोंड तिला दिसू नये म्हणून खाली वाकून कितीतरी वेळ सायकलचं कुलूप काढत बसले.